जिभेला बोल लावण्याआधी

घरात मराठी, दारात तमिळ, शाळेत इंग्रजी, म्हणून तुमचं पोर बोलत नाही, असं तुला कुणीही सांगो, अगदी शिकल्यासवरल्या माणसानं सांगो, घरातली मराठी बंद करू नकोस. बाळ दोन वर्षांचं व्हायला आलं आणि अजून बोटांवर मोजण्याइतकेच शब्द बोलतं, याची काळजी तुला लागली आहे आणि ती रास्त आहे. मलाही लागली आहे, म्हणून हे सगळं लिहून देते. शाळेतली नोकरी आणि घरची-दारची पोरं यांतच माझं आयुष्य गेलं, तेव्हा यातलं बरंचसं डोळ्यांदेखत पाहिलेलं आहे.

दोन-तीन भाषा कानावर पडल्या म्हणून मूल मुकं राहत नाही. ज्याला बोलण्यात अडचण असते त्याला ती एका भाषेच्या घरातही असते आणि तीन भाषांच्या घरातही. मराठी काढून टाकली तर अडचण जागच्या जागी राहते आणि आईची तोंडभर बोलण्याची सोय मात्र जाते. तू सोलापूरहून या घरात आलीस, तुझं तमिळ अजून अडखळतं. त्या तमिळमध्ये तू बाळाशी काय बोलशील? ये, बस, खा, नको. एवढंच. लाडानं चिडवणं, रुसवा काढणं, चिमणीची गोष्ट रंगवून सांगणं हे माणूस आपल्या भाषेत करतो, आणि मूल बोलायला शिकतं ते त्यातूनच. नातवानं इथलं तमिळ बोलावं, आजोबांनी त्यांची तंजावरी मराठी बोलावी, तू सोलापूरची बोल. सगळं चालेल. ज्याला जी भाषा सहज येते ती त्यानं भरपूर बोलावी.

आपल्या तंजावरला तर हे नवं नाही. व्यंकोजीराजांनी १६७६च्या सुमारास इथं मराठ्यांची गादी स्थापली, १८५५मध्ये राज्य संपलं, आणि अजून आपल्यासारख्या घरांत मराठी बोलली जाते. शहाजीराजांनी, म्हणजे १६८४ ते १७१२ या काळात इथं राज्य करणाऱ्या शहाजीराजांनी, 'पंचभाषाविलास' नावाचं नाटक रचलं. त्यात एकाच रंगमंचावर संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी बोलली जाते. ते बघायला बसलेल्या लोकांच्या घरांतली पोरं अशाच गलबल्यात बोलायला शिकली असणार. अशा गावात मुलाच्या बोलण्यासाठी घरची भाषा सोडायला सांगावं, हे मला मुळीच पटत नाही.

शब्द मोजताना मात्र दोन्ही भाषांतले मोज. बाळ शेजाऱ्यांजवळ 'तण्णी' म्हणतं आणि तुझ्याजवळ 'पाणी', तर ते दोन शब्द झाले. 'भूभू', 'हम्मा', 'काक्का' हेही शब्दच. नेमानं तोच आवाज त्याच वस्तूसाठी काढत असेल तर तो बोबडा असला तरी धर. 'दूध वेणुम', म्हणजे दूध हवं, म्हणालं तर ती दोन शब्दांची जोडणी झाली, त्यातला एक मराठी आणि एक तमिळ म्हणून ती कच्ची ठरत नाही. एक वही घाल. तारीख, शब्द, कुठल्या भाषेतला, कुणापाशी म्हणाला, एवढंच. इथल्याच सरफोजीराजांच्या काळात डोळ्यांच्या रोग्यांची एकेकाची हकिकत लिहून ठेवली गेली, ते कागद सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. तुझी वही तशीच डॉक्टरांच्या उपयोगी पडेल, कारण पाच मिनिटांत अनोळखी खोलीत मूल तोंड उघडत नाही आणि आईला ऐनवेळी काही आठवत नाही.

साधारण हिशेब असा धर. सहा ते नऊ महिन्यांत 'बाबाबा', 'मामामा' अशी बडबड सुरू होते. वर्षाच्या आत नावानं हाक मारली की मूल वळून बघतं, टाटा करतं, आणि वर्षाच्या आगेमागे हवं ते बोटानं दाखवायला लागतं. पहिला अर्थाचा शब्दही त्याच सुमाराला येतो. दीड वर्षाला दहा-वीस शब्द, दोन वर्षांना पन्नासच्या आसपास आणि दोन शब्द जोडून बोलणं. तिसऱ्या वर्षी बाहेरच्या माणसालाही बरंचसं कळावं. चार दिवस इकडंतिकडं झाले म्हणून जीव टांगणीला लावू नकोस. पण वर्ष उलटलं आणि बडबड नाही, बोट दाखवणं नाही. दीड वर्षाला एकही शब्द नाही. दोन वर्षांना जोडणी नाही. तर दाखवायलाच हवं. आणि आलेले शब्द गेले, आधी बघायचं ते बघेनासं झालं, तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात जायचं.

आता कानाचं. बाकी सगळं विसरलीस तरी चालेल, पण हे विसरू नकोस. जिभेकडं नंतर बघ, आधी कान तपासून घे.

घरातले सगळे म्हणतील, अगं त्याला ऐकू येतं, ताट पडलं की दचकतो. मोठा आवाज ऐकू येणं आणि बोलणं ऐकू येणं यांत फार अंतर आहे. प्रदोषाला मोठ्या देवळात तविलचा ढोल वाजला की अर्धवट ऐकू येणारं मूलही मान वळवतं, कारण तो दणका छातीत जाणवतो. पण 'स', 'श', 'फ' हे बारीक आणि उंच पट्टीचे आवाज त्याच मुलाला ऐकू येत नसतील. 'साखर' त्याच्या कानी 'आखर' होऊन पडते, आणि जे कानी पडतं तेच तोंडी येतं. शिवाय अशी मुलं डोळ्यांनी फार हुशार होतात. दार आपटलं तर जमिनीची थरथर त्यांना कळते, तू खोलीत आलीस तर सावली कळते. ती वळतात आणि आपण समजतो की ऐकलं.

जन्मतः चांगलं ऐकणाऱ्या मुलाचं ऐकणंही पुढं कमी होतं. इथला मोठा पाऊस सोलापूरसारखा जून ते सप्टेंबरात नाही, दिवाळीच्या आगेमागे येतो, आणि त्या दिवसांत पोरं सर्दीनं भरलेली असतात. सर्दी वारंवार झाली की कानाच्या पडद्यामागं पाणी साचतं. कान दुखतोच असं नाही, वाहतोच असं नाही, पण ऐकणं मंद होतं. कधी कमी, कधी जास्त, म्हणून आईचाही गोंधळ उडतो. सकाळी हाकेला ओ देतो, संध्याकाळी लक्षच नाही, असं पोर हट्टी ठरतं आणि मार खातं. कानाच्या डॉक्टरनं पाहिलं की उलगडा होतो, आणि यावर उपाय आहे.

तपासण्या दुखत नाहीत. एकीत कानात लहानसं बोंड ठेवून आतल्या कानाचा प्रतिसाद मोजतात, तिला ओएई म्हणतात. दुसरी बेरा. तिच्यात डोक्याला तारा चिकटवून, मूल झोपलेलं असताना, आवाज नसेतून मेंदूकडं कसा जातो ते बघतात. मुलानं काही सांगावं लागत नाही. म्हणून 'अजून लहान आहे, मोठा झाला की तपासू' हे कुणाचं ऐकू नकोस. तुझी नणंद बाळंतपणाला येणार आहे, तिलाही सांग: बाळाचे कान पहिल्या महिन्यात तपासायचे, शंका आली तर तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान करून घ्यायचं आणि गरज असेल तर सहाव्या महिन्याच्या आत ऐकण्याचं यंत्र लागलेलं असावं. दिवस भरायच्या आधी जन्मलेलं, जन्मल्यावर अतिदक्षता विभागात राहिलेलं, फार कावीळ झालेलं, मेंदूज्वर झालेलं मूल, किंवा पोटात असताना आईला रुबेला झालेला असेल, तर दुप्पट लक्ष ठेवायचं.

आणखी एक, जरा अवघड, पण सांगायला हवं. मामा-भाचीची आणि आते-मामेभावंडांची लग्नं आपल्या लोकांत पूर्वी सर्रास झाली, इथं अजूनही होतात. अशा लग्नांत आई-बाप दोघांकडून एकच दोष येऊन मूल जन्मतः बहिरं असण्याची शक्यता वाढते. डॉक्टरांनी नात्यातलं लग्न आहे का असं विचारलं तर आपल्या मागच्या पिढ्यांचंही खरं ते सांग. घराण्याची अब्रू त्यात जात नाही.

कानात तेल घालू नकोस. आठवड्याच्या तेल-न्हाणात बाळाच्या कानात कोमट तेलाचे थेंब सोडायची सवय इथल्या म्हाताऱ्यांना आहे, माझ्या जावेलाही आहे. तिला मी सांगेन, तू वाईटपणा घेऊ नकोस. वर्षाच्या आतल्या मुलाला मध चाटवायचा नाही, त्यातून बॉट्युलिझमसारखा जिवावरचा आजार होऊ शकतो. वेखंड उगाळून जिभेला लावलं की वाचा फुटते असं तुझ्या माहेरीही म्हणतात आणि इथंही. इथं त्याला वसंबू म्हणतात आणि त्याच्या मण्यांचं कडं मनगटात घालतात. कडं घालायचं तर मणी सुटून तोंडात जाणार नाही हे बघ, पोटात मात्र देऊ नकोस, मुलं ओकतात. जिभेखालची शीर कापली की बोलेल, असंही कुणी सांगेल. जीभ खाली चिकटलेली असली तर एखाददुसरा उच्चार अडतो, पण बोलणं उशिरा येण्याचं ते कारण सहसा नसतं.

नवसाला माझी ना नाही. दसऱ्याला कूत्तनूरच्या सरस्वतीला अक्षरओळखीसाठी मुलं नेतात, तिथं जाऊ. शीर्काळीजवळ तिरुक्कोलक्काला ज्ञानसंबंदरांच्या सोन्याच्या टाळांना देवीनं नाद दिला अशी कथा आहे, न बोलणाऱ्या मुलांना घेऊन लोक तिथं जातात. मीही तुझ्याबरोबर येईन. फक्त कानाच्या तपासणीची तारीख त्याआधीची घ्यायची.

तारीख मिळेपर्यंत घरात खूप करता येतं. राजा-राणीची तलैयाट्टी बोम्मै मी फडताळातून काढून ठेवली आहे, बुडाला जड असलेली, कितीही कलवली तरी उभी राहणारी बाहुली. बाळासमोर जमिनीवर मांडी घालून बस, तुझे डोळे त्याच्या डोळ्यांच्या रेषेत येऊ देत. राणी कलती कर, 'पडली' म्हण आणि बोटानं तशीच धरून ठेव. आता गप्प राहा. मनात सावकाश दहा मोज. आईला ही शांतता फार जड जाते, तोंडातून शब्द निसटतोच, पण दम धर. बाळ बाहुलीकडं बघेल, मग तुझ्याकडं, परत बाहुलीकडं. हात पुढं करील, 'अं' करील. तो 'अं' बोलणंच समज आणि 'उठली!' म्हणून बोट काढ. राणी डुलत डुलत उभी राहील. दोघं हसा आणि पुन्हा. चार-पाचदा झाल्यावर 'उठ' एवढंच म्हणून थांब आणि उरलेलं त्याच्याकडून येतं का बघ. नाही आलं तरी खेळ मोडू नकोस, दोष देऊ नकोस, स्वतःच म्हण आणि सोड. बाळानं वस्तूकडं बघून तुझ्याकडं वळून बघणं, तुझ्या गप्प राहण्यात आपली पाळी ओळखणं, यावरच पुढचं सगळं बोलणं उभं राहतं. हा खेळ रोज दहा मिनिटं पुरे, त्या वेळात स्वयंपाकघरात कुकर ओरडला तरी मी आहे.

बाकी दिवसभर वेगळा वेळ काढायला नको. जेवणाआधी आपण कावळ्याला भात ठेवतो, तेव्हा त्याला कडेवर घे. तो 'काक्का' म्हणाला की 'हो, काक्का आला, काक्का भात खातो' असं म्हण. त्याच्या एका शब्दाला एक-दोन शब्द जोडून परत द्यायचे. 'काक्का नाही, कावळा म्हण' असं नाही. उंबऱ्यापुढं कोलम काढतेस तेव्हा पीठ, बोट, ठिपका, रेघ, पुसलं, परत, हे सगळं होता होता बोल. आंघोळीत, केस विंचरताना, कुंभकोणमच्या बसची वाट बघताना. लांबलचक भाषण नको, हातात जे चाललं आहे त्याचीच छोटी छोटी वाक्यं हवीत. आणि परीक्षा घेणं बंद कर. 'हे काय? ते काय? मामाला म्हणून दाखव बघू' असं केलं की बोलणारं मूलसुद्धा गप्प होतं. 'पाणी' म्हटल्याशिवाय पाणी द्यायचं नाही, हा उपाय तुला बायका आवर्जून सांगतील. तो उपाय नाही, छळ आहे. इथल्या उन्हात तहानलेल्या लेकराचा तर नाहीच करायचा. बोटानं दाखवलं तरी दे आणि देताना 'पाणी' म्हण. खुणा केल्यानं, चित्रं दाखवल्यानं बोलणं मागं पडत नाही, उलट वाट मोकळी होते.

इडलीचा घास आणि समोर मोबाईल, हे मात्र थांबव. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९मध्ये सांगितलं आहे की दोन वर्षांच्या आतल्या मुलाला पडद्यासमोर बसवू नये, आणि त्यापुढच्या मुलाला चार वर्षांपर्यंत दिवसाकाठी तासाभराहून जास्त नको. पडद्यातली चिमणी कितीही छान बोलली तरी बाळ 'अं' म्हणालं की ती थांबून उत्तर देत नाही. सोलापूरच्या आजीशी व्हिडिओवर बोलणं वेगळं, तिथं पलीकडून उत्तर मिळतं, ते खुशाल चालू ठेव. एक धोका मात्र मी अलीकडं फार बघते. मोबाईल बंद करा, आपोआप बोलेल, असं म्हणून माणसं सहा-सहा महिने थांबतात. मोबाईल आज बंद करायचा आणि तपासणीही याच महिन्यात करायची, दोन्ही.

कान उत्तम निघाले तर? मग डॉक्टर बाकीचं बघतील. सांगितलेलं समजतं का, म्हणजे हातवारे न करता 'चप्पल आण' म्हटलं तर आणतो का; बोट दाखवतो का; माणसांत रमतो का. समजतं सगळं, खुणा भरपूर करतो, फक्त शब्द कमी, अशी बरीच मुलं पुढं वर्ष-दोन वर्षांत भरून काढतात. पण कुठलं भरून काढील आणि कुठलं मागं राहील हे आधी कुणाला ओळखता येत नाही, म्हणूनच बोलण्याच्या उपचारतज्ज्ञाच्या नजरेखाली राहायचं. 'आपल्या घरातले पुरुष उशिराच बोलतात' असं तुझे आजेसासरे म्हणतील. घरात उशिरा बोलणारी माणसं असणं हे थांबण्याचं कारण होत नाही. तसं असेल तर उलट लवकर जायचं. हाकेला वळत नाही, नजर देत नाही, चाकंच फिरवत बसतो, असं काही असेल तर स्वमग्नतेची तपासणी सांगतील. घाबरून ती टाळू नकोस, नाव लवकर कळलं तर मदत लवकर सुरू होते.

कुठं जायचं ते असं. २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेतही येतात, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतात, आणि गरज असेल त्याला जिल्ह्याच्या लवकर उपचार केंद्राकडं पाठवतात. वाढीतला उशीर आणि बहिरेपणा त्यांच्या यादीतच आहे, पैसे पडत नाहीत. आपल्याला पथकाची वाट बघायची गरज नाही. राजा मिरासदार इस्पितळात किंवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात जाऊन बालरोग आणि कान-नाक-घसा विभागात सरळ विचार. समाधान झालं नाही तर म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आहे, १९६५पासून हेच काम करते, आणि म्हैसूर एक्सप्रेस तंजावरवरूनच जाते, रात्रीत पोचतेस. सोलापूरला माहेरी असताना काही लागलं तर मुंबईला वांद्र्याची अली यावर जंग संस्था. देव न करो, पण यंत्रानंही भागत नाही असा बहिरेपणा निघाला तर इथल्या मुख्यमंत्री आरोग्य विमा योजनेत सहा वर्षांखालच्या मुलांचं कॉक्लिअर इम्प्लांट होतं. तिथंही वयाची घाई आहे, मेंदूला ऐकायची सवय लागायची ती पहिल्या काही वर्षांतच सगळ्यात चांगली लागते.

यंत्र लागलंच तर ते जागेपणी सतत कानात हवं, पाहुणे आले म्हणून काढून पेटीत ठेवायचं नाही. इथली दमट हवा आणि घाम यांनी ते बिघडतं, म्हणून रात्री ओल शोषणाऱ्या पुड्या घातलेल्या डबीत ठेवायचं आणि तेल-न्हाणाआधी आठवणीनं काढायचं.

उपचारतज्ज्ञ बहुतेक तमिळच बोलतील. त्यानं काही अडत नाही. आम्ही घरी मराठी बोलतो हे पहिल्याच भेटीत सांग, आणि जे करून घेतात ते घरी मराठीत कसं करायचं ते विचारून घे. आठवड्यातला एखादा तास त्यांचा, बाकीचे सगळे दिवस आपले. कुणी 'एकच भाषा ठेवा' म्हणालं तर कारण विचार, आणि दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घे.

बाळासमोर 'हा बोलत नाही' असं कुणालाही म्हणू देऊ नकोस, मलाही नाही. न बोलणाऱ्या मुलाला आपल्याला वाटतं त्याहून कितीतरी जास्त समजत असतं.

जाताना प्रसूतीचे कागद, लसीकरणाचं पुस्तक, ती शब्दांची वही आणि त्याचं आवडतं पांघरूण घे. बेरा झोपेत करतात, तेव्हा त्या दिवशी पहाटे लवकर उठव, रिक्षात डुलकी लागू देऊ नकोस, आणि दूध तिथं पोचल्यावर पाज. सोमवारी मी तुझ्याबरोबर येते. दोघी असलो की एकीला रांगेत उभं राहता येतं आणि दुसरीला त्याच्याशी बोलत बसता येतं.